डायनिंग रूममधली थाळी बंद झाली तेव्हा: ठाण्याच्या २६ जणांचं प्रकरण

आम्ही २६ जण होतो. बॅलार्ड पिअरहून निघून गोवा, कोची, लक्षद्वीप आणि परत मुंबई अशी ५ रात्रींची क्रूझ. शेवटच्या रात्री वेटरने टॅब पुढे केला आणि आमच्या तिन्ही टेबलांनी जेवणाला पाचपैकी पाच स्टार दिले, एकानेही चार दिले नाहीत. बरोब्बर आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, नौपाड्यात एका काकूंच्या हॉलमध्ये कांदेपोहे खात बसलो होतो तेव्हा जमलेल्या २१ पैकी १४ जण म्हणाले की जेवण काही मनासारखं झालं नाही, मेनू बदलून त्यांनी सगळा घोळ केला. माणसं तीच, जेवण तेच, आणि मत मात्र पार उलटं. असं का होतं हे मला नीट लिहून काढायचंय, कारण क्रूझवाले मेनू बदलतात तेव्हा लोकांचं मत घेऊनच बदलतात असं ते सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत, पण त्यांच्यापर्यंत जे मत पोचतं ते मेनूबद्दलचं नसतंच.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी ११ वर्षं शिपवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या किचनमध्ये, काम केलंय, परदेशी पॅसेंजर जहाजांवर, कॉमी म्हणजे सगळ्यात खालचा कुक म्हणून चढलो आणि शेवटचं साइन ऑफ घेऊन उतरलो तेव्हा शेफ द पार्टी, म्हणजे किचनच्या एका विभागाचा शेफ, होतो. आता पाचपाखाडीत राहतो, केटरिंगचं काम करतो. माझ्या सासूबाईंची नौपाड्यात भिशी आहे, त्या भिशीतल्या बायका, त्यांचे मिस्टर, दोन-तीन घरांतली मुलं-नातवंडं, घोडबंदर रोडचं एक जैन जोडपं आणि बायकोच्या ऑफिसमधल्या मैत्रिणीची आई, म्हणजे बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या कोळीणमावशी, असा हा ग्रुप. "जावईबापू, तुम्ही शिपवर होतात ना, मग तुम्ही बरोबर पाहिजेच" असं म्हणून त्यांनी मला घेतलं. सगळी भिशी मला जावईबापूच म्हणते.

मागच्या वर्षी काय होतं

यातले १० जण मागच्या वर्षी याच जहाजावर जाऊन आले होते आणि त्यांनी केलेल्या कौतुकावरच हे बुकिंग झालं होतं. कौतुक कशाचं, तर पूल नाही, शो नाही, कॅसिनो तर नाहीच नाही. कौतुक जेवणाचं. बसून जेवायच्या डायनिंग रूममध्ये रोज संध्याकाळी थाळी असायची, व्हेज, नॉनव्हेज आणि जैन, आणि शिवाय ज्यांना पाहिजे त्यांना वेगळं कॉन्टिनेंटल कार्ड. त्या कार्डाच्या उजव्या बाजूला एक छोटा कॉलम होता, रोज मिळणाऱ्या गोष्टींचा: साधं वरण, भात, खिचडी, दहीभात, दही, पापड. सासूबाईंनी त्या कार्डाचा फोटो काढून ठेवला होता, तो मी झूम करून दहा वेळा बघितलाय. सहा ओळी. पण आमच्या वयस्कर मंडळींच्या दृष्टीने त्या सहा ओळी म्हणजे जहाजावरचं आपलं घर, कारण पाच दिवसांत एखाद्या दिवशी पोट बिघडणारच, एखाद्या संध्याकाळी बोट लागणारच, आणि तेव्हा माणसाला दहीभात आहे एवढं माहीत असलं तरी पुरतं, तो खाल्ला नाही तरी चालतं.

यंदा चढलो आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की थाळी बंद झालीय. आता प्रत्येक रात्रीला थीम होती, इटालियन, पंजाबी, ओरिएंटल, कोस्टल आणि शेवटी गाला डिनर. सूप, स्टार्टर, मेन कोर्स, डेझर्ट असं एकामागोमाग एक येणार. रोजच्या कॉलममध्ये दोनच ओळी उरल्या होत्या, डाळ तडका आणि स्टीम राइस. खिचडी वरच्या डेकवरच्या बुफेत गेली होती. आणि छापील कार्ड नव्हतं, टेबलावर क्यूआर कोड होता.

या क्यूआर कोडबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मेनू बदलला त्याइतकाच तो दाखवायचा मार्ग बदलला याचा परिणाम झाला. आमच्या टेबलावर आठ जण, त्यात सहा जण पासष्टच्या पुढचे. फोन आधी शिपच्या वायफायला जोडायचा, मग कोड स्कॅन करायचा, मग पान उघडणार, मग अक्षरं मोठी केली की पदार्थाचं नाव अर्धं स्क्रीनबाहेर. शेवटी कोणाची तरी कॉलेजातली नात उभी राहिली आणि तिने पोथी वाचावी तसा अख्खा मेनू मोठ्याने वाचून दाखवला. बिचारीने दोनदा वाचला. तरी झालं काय, तर ऐकणाऱ्याला पहिलं आणि शेवटचं नाव लक्षात राहतं, मधलं काही राहत नाही, म्हणून पहिल्या रात्री आमच्या टेबलावर आठपैकी पाच जणांनी एकच पास्ता मागवला. दुसऱ्या दिवशी किचनच्या रिपोर्टमध्ये हा पास्ता लोकांना भलताच आवडतो असं दिसलं असणार. मी गॅलीत असताना रोज सकाळी आमच्याकडे हा कागद यायचा, काल कुठली डिश किती गेली त्याचा, आणि त्यावरूनच पुढच्या वेळचं प्रॉडक्शन ठरायचं. किती गेलं ते त्या कागदावर असतं. का गेलं ते नसतं.

दुसरी रात्र

नौपाड्याचे अण्णा ७४ वर्षांचे, डायबिटीस जुना, संध्याकाळी जेवणाच्या अर्धा तास आधी इन्सुलिन घेतात. मागच्या वर्षी त्यांचं गणित ठरलेलं होतं, पावणेसातला केबिनमध्ये इंजेक्शन, मग काठी घेऊन हळूहळू लिफ्टपर्यंत, सातला टेबलावर, सव्वासातला थाळी समोर. थाळी एकदम येते ना, भात-चपाती सगळं त्यातच. पाच रात्री एकदाही काही झालं नव्हतं. यंदाही त्यांनी तसंच केलं, दुसरं काही करायचं कारणच नव्हतं, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की जेवणाची पद्धत बदललीय.

सातला बसलो. फोन, कोड, वाचन, ऑर्डर यात सात वीस झाले. सात पस्तीसला सूप आलं, ते क्लिअर सूप, म्हणजे पाणीच. ब्रेडची टोपली मागितल्याशिवाय येत नव्हती आणि ती मागायची असते हे आमच्यात कोणाला ठाऊक नव्हतं, मला होतं पण माझं टेबल वेगळं. सात पन्नासला स्टार्टर आला, भाजलेल्या भाज्या. म्हणजे इंजेक्शन घेऊन एक तास उलटून गेला तरी पोटात पिष्टमय असं काहीच नाही. मी पलीकडच्या टेबलावरून बघितलं तर अण्णा नॅपकिनने सारखं कपाळ पुसतायत आणि काटा हातात धरलाय पण तो प्लेटवर वाजतोय, हात थरथरत होता त्याचा आवाज. काकू म्हणत होत्या "अहो एसी एवढा आणि तुम्हाला घाम कसला येतोय." मी उठलो, कॉफी स्टेशनवरून साखरेच्या पुड्या उचलल्या, चार पुड्या अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून त्यांना पाजल्या, वेटरला ओरडून ब्रेड आणायला सांगितलं. दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर आला आणि आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मेन कोर्स आला तो आठ दहाला.

यात वेटरची चूक शून्य. तो पोरगा रत्नागिरीकडचा, तीन टेबलं एकटा सांभाळत होता, त्याने धावत जाऊन ब्रेड आणला, दुधाचा ग्लास आणला, नंतर दर रात्री अण्णा बसायच्या आत टेबलावर ब्रेड-बटर ठेवलेलं असायचं, सांगावं लागलं नाही. म्हणून तर पुढचा सगळा घोळ झाला, ते खाली येईलच.

त्या रात्री साडेदहाला, दोन्ही सिटिंग, म्हणजे जेवणाच्या दोन्ही पंगती, संपल्यावर मी मेत्र-डीला, म्हणजे डायनिंग रूमच्या प्रमुखाला, जाऊन भेटलो. मी शिपवर काम केलंय म्हटल्यावर त्याने बसायला खुर्ची दिली आणि खरं बोलला. त्याचं म्हणणं असं की थाळी सर्व्ह करायला सोपी वाटते पण मागे किचनमध्ये ती हत्ती पोसण्यासारखी आहे. हिशोब करा, एका सिटिंगला समजा ५०० माणसं, प्रत्येक थाळीत ८ वाट्या, म्हणजे ४००० वाट्या भरायच्या, मांडायच्या, परत आणायच्या, धुवायच्या, आणि दोन तासांनी दुसऱ्या सिटिंगला तेच पुन्हा. शिवाय प्रत्येकाला आठही पदार्थ मिळणार, तो खाणार तीन-चार, बाकी उष्टं. हे मला नाकारता येईना, मी स्वतः ते बघितलंय.

मेनू का कापतात

हे कापाकापीचं प्रकरण आपल्याकडेच चाललंय असं नाही. २०२३ च्या सुरुवातीला रॉयल कॅरिबियनने आपल्या मुख्य डायनिंग रूमचे मेनू बदलले, प्रत्येक रात्रीला थीम दिली आणि पदार्थांची संख्या कमी केली, जेवण लवकर उरकावं हा त्यामागचा एक हेतू होता. नेहमी जाणाऱ्या प्रवाशांमध्ये त्यावरून भरपूर बोलणं झालं, काहींना आटोपशीर जेवण आवडलं, काही म्हणाले निवड राहिली नाही. त्याच सुमारास कार्निव्हलने डायनिंग रूममध्ये तिसऱ्या मेन डिशला ५ डॉलर लावले, दोन फुकट, तिसरी हवी तर पैसे. त्यामागे अन्न वाया जाणं आहे, महागाई आहे आणि किचनमधल्या माणसांचे हात आहेत.

गॅलीत एक पदार्थ कमी होणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. एक स्टार्टर कमी झाला की त्याचं कापणं-चिरणं गेलं, कोल्ड रूममधला एक रॅक मोकळा झाला, पासवर, म्हणजे तयार प्लेटा वेटरच्या हाती देतात तिथे, एक माणूस कमी लागला, वेटरच्या तोंडपाठ करायच्या यादीत एक नाव कमी झालं. माल एकदा बंदरात भरला की पुढच्या बंदरापर्यंत तोच, मधे समुद्रात कुठला भाजीवाला येणार. उष्ट्या अन्नाचंही तसंच आहे, ते वाटेल तिथे टाकता येत नाही, जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल करारातल्या नियमाप्रमाणे साधारणपणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे, आणि दळून २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल एवढं बारीक केलं तर ३ मैलांच्या पलीकडे. तोवर ते जहाजावरच सांभाळायचं. त्यामुळे मेनू छोटा करणं हे मला पटतं, अगदी मनापासून पटतं. ३० पदार्थ कोमट देण्यापेक्षा १२ पदार्थ गरम द्या.

पण आपल्या जहाजाने जे केलं त्यात गफलत इथे झाली की तिकडच्या जहाजांवर आधीपासूनच एकामागोमाग एक कोर्स यायचे, तिथे पदार्थ कमी केले की जेवण लवकर संपतं. इथे आधी ताट एकदम यायचं. ते काढून त्याजागी कोर्स आणले म्हणजे पदार्थ कमी होऊनसुद्धा जेवण लांबलं. पंधरा मिनिटांत समोर येणारा भात सत्तर मिनिटांवर गेला. आपल्या पंगतीत मीठ-लिंबू-चटणीपासून सगळं आधी वाढून होतं आणि मग माणूस हात घालतो, आपलं खाणं असं एका ताटात, एकमेकांबरोबर आहे, वरणाशिवाय भात नाही आणि भाताशिवाय लोणचं नाही. सूप संपवून, प्लेट उचलून, पुन्हा रिकाम्या टेबलाकडे बघत बसणं हे आमच्या काकूंना जेवणच वाटत नव्हतं, वाट बघणं वाटत होतं.

आणि दुसरी गफलत म्हणजे तो रोजचा कॉलम. मी ज्या जहाजांवर होतो तिथे थीम बदलायची, सूप बदलायचं, पण एक यादी वर्षानुवर्षं हलायची नाही, सीझर सॅलड, श्रिम्प कॉकटेल, भाजलेलं चिकन, स्टेक. अमेरिकन माणसाला बाकी काही नाही आवडलं तर तेवढं आहे हे त्याला ठाऊक असतं. आपल्याकडे त्या जागी वरणभात आणि दहीभात आहे. कापायचंच होतं तर कॉन्टिनेंटलमधले पाच स्टार्टर कापायचे, पण या सहा ओळींना हात लावायचा नव्हता. भात शिजलेला आहेच, दही चिलरमध्ये आहेच, त्याने गॅलीवर काय भार पडतो? काहीही नाही. हे मी मेत्र-डीलाही म्हणालो आणि तो मान डोलावून म्हणाला की साहेब, यादी वरून येते.

तरी त्याने मार्ग काढला. दुपारी दोनपर्यंत ज्यांची नावं येतील त्यांना रात्री सातला बसल्याबसल्या छोटं ताट, त्यात वरण, भात, एक भाजी, चपाती आणि दही, पाचच गोष्टी, वाट्या फक्त तीन. तिसऱ्या रात्रीपासून आमच्यातल्या ११ जणांनी नावं दिली. बाकीच्यांनी थीमचंच खाल्लं आणि आनंदाने खाल्लं.

चपातीवरून मात्र कुरकुर राहिली, "ही चिवट आहे, फुलका का नाही देत". याचं उत्तर सोपं आहे. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून गॅलीत गॅसची उघडी ज्योत नसते, सगळं इलेक्ट्रिकवर. सपाट तापलेल्या प्लेटवर चपाती भाजता येते पण फुलका ज्योतीवर टम्म फुगतो तसा तिथे फुगत नाही, आणि शेकडो चपात्या आधी भाजून हॉट बॉक्समध्ये ठेवल्या की वाफेने चिवट होणारच. हे मी टेबलावर समजावून सांगितलं तेव्हापासून एकानेही चपातीला नाव ठेवलं नाही. माणसाला कारण सांगितलं की तो किती समजूतदार होतो हे मी त्या रात्री बघितलं, आणि मेनू बदलणाऱ्यांनी त्यांच्या बाजूचं एकही कारण आम्हाला सांगितलं नव्हतं.

कोस्टल नाइटची एक गोष्ट सांगायलाच हवी. चौथी रात्र, जहाज समुद्रात, आणि मेनूवर "कोकणी स्टाइल फिश". दिवाळ्याच्या मावशींनी आयुष्यभर मासळी विकली, त्या दिवसभर या रात्रीची वाट बघत होत्या. प्लेट आली, पांढरा फरशीसारखा चौकोनी तुकडा, वर हिरवी चटणी, शेजारी तीन फरसबीच्या शेंगा. मावशींनी काटा बाजूला ठेवला, बोटाने तुकडा मोडला, बोटं नाकाशी नेली, आणि मला म्हणाल्या, "जावई, ह्याला ना काटा ना वास, ह्याला मावरं कोण बोलंल?" तो बासा होता, बहुतेक व्हिएतनामहून गोठवून येणारा. किचनच्या बाजूने बासाचा फायदा मला माहितीय, बिनकाट्याचा, प्रत्येक तुकडा एकाच वजनाचा, शिजायला ठरलेली मिनिटं, काटा घशात अडकला म्हणून तक्रार नाही. पण बाहेर आपला अरबी समुद्र आणि ताटात व्हिएतनाम, याचं त्या बाईंना वाईट वाटलं ते खरंच वाटलं. त्यांनी तो तुकडा संपवला, अन्न टाकायचं नाही म्हणून. म्हणजे किचनच्या हिशोबात प्लेट रिकामी, पदार्थ आवडला.

त्याच रात्री सुक्या कोळंबीचं स्टार्टर होतं, त्याची दुसरी प्लेट हवी तर जादा पैसे. भिशीतल्या एका काकांनी मागवली तर वेटरने सहीसाठी स्लिप आणली. पैशाचं कोणाला काही नव्हतं. पण आपल्याकडे जेवायला बसलेल्याला दुसऱ्यांदा वाढताना कोणी वही उघडत नाही, आपल्याकडे आग्रह करतात. काकांनी सही केली आणि पुढच्या रात्री दुसऱ्यांदा काहीच मागितलं नाही, डेझर्टसुद्धा नाही, जे फुकट होतं.

पाच स्टार कसे आले

आता मूळ मुद्द्यावर येतो. शेवटच्या रात्री गाला डिनर झाल्यावर आमचा रत्नागिरीचा पोरगा टॅब घेऊन आला. अण्णांच्या खुर्चीजवळ वाकून म्हणाला, "काका, पूर्ण स्टार द्या हां, चार दिले तरी मला वर बोलावतात." अण्णांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पाच दिले. सगळ्यांनी पाच दिले. मीसुद्धा पाच दिले आणि आजही देईन, कारण त्या टॅबवर प्रश्न होता "आजचा जेवणाचा अनुभव कसा होता" आणि खाली त्या पोराचं नाव होतं. मेनूबद्दल, वेळेबद्दल, क्यूआरबद्दल वेगळा प्रश्नच नव्हता.

मी गॅलीत होतो तेव्हा टॅब नव्हते, कागदी कार्डं असायची, पण खेळ तोच. पॅसेंजर वेटरच्या पोटावर पाय आणत नाही. आपली माणसं तर नाहीच नाही, गावाकडचं पोर घरदार सोडून समुद्रावर आलंय म्हटल्यावर त्याच्यासाठी आम्ही वाईट जेवणालाही चांगलं म्हणू. मग वर ऑफिसात बसलेल्या माणसाला दिसतं काय, तर मेनू बदलला आणि स्टार पाचचे पाचच राहिले, म्हणजे लोक खूश आहेत, पुढच्या सीझनला आणखी दोन पदार्थ काढा. चांगल्या वेटरच्या मायेखाली वाईट निर्णय झाकला जातो.

जहाजावर खरं मत कळणारी जागा एकच, डिशवॉश. तिथली पोरं प्लेटा खरवडतात, त्यांना रोज रात्री दिसतं कुठला पदार्थ अर्धा परत आला. मी कॉमी असताना आमचा सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा, रोज दहा मिनिटं तिथे जाऊन नुसता उभा राहायचा, एक शब्द बोलायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सॉसमधलं मीठ कमी झालेलं असायचं. तिथेही मावशींची रिकामी प्लेट फसवते हे मान्य, पण स्टारपेक्षा बरंच कमी फसवते.

म्हणून रविवारी नौपाड्यात मी मुद्दाम आवडलं का असं कोणालाच विचारलं नाही. मी विचारलं, ताटात काय टाकलंत, आणि काय शोधलंत जे मिळालं नाही. पहिली पाच मिनिटं सगळे त्या पोराचंच कौतुक करत होते. मग हळूहळू निघायला लागलं. २१ पैकी १२ जणांनी दहीभात किंवा खिचडी शोधली होती. त्यातल्या सात जणांना ती वरच्या बुफेत आहे हे पाचव्या दिवशीपर्यंत कळलंच नव्हतं. दोन काकूंनी सांगितलं की त्या दोघी रात्री केबिनमध्ये जाऊन घरून नेलेली बिस्किटं खात होत्या, हे त्यांच्या मिस्टरांनाही तेव्हा पहिल्यांदा कळलं. सूपबद्दल एकही तक्रार नाही, डेझर्टबद्दल नाही, थीमबद्दल फक्त दोघांची.

उलट बाजूही होती आणि ती मला महत्त्वाची वाटते. घोडबंदरचं जैन जोडपं यंदा जास्त खूश होतं, कारण मागच्या वर्षी जैन थाळीत काय आहे हे दर वेळी विचारावं लागायचं, यंदा प्रत्येक पदार्थासमोर जैन करून मिळेल की नाही याची स्पष्ट खूण होती. कॉलेजातल्या मुलांना थीम नाइट फार आवडल्या, ओरिएंटल नाइटच्या डंपलिंगवर तर ती पोरं तुटून पडली होती. एक आजोबा मूळ मालवणचे, ते लहानपणी कोकणबोटीने मुंबईला यायचे, पडावातून बोटीवर चढायचं आणि डेकवर चटई टाकून घरची शिदोरी सोडायची, ते म्हणाले आम्हाला बोटीवर कोणी खायला घालतंय हेच मोठं, मला पास्ताही चालला. म्हणजे १४ विरुद्ध ७ असं काही भांडण नव्हतंच. थीम ठेवा आणि त्या सहा ओळी परत द्या, एवढंच केलं असतं तर या २१ मधले मला वाटतं १९ तरी खूश झाले असते.

हे सगळं मी दोन पानांत लिहून आमच्या बुकिंग एजंटमार्फत कंपनीला पाठवलं. त्या पोराचं नाव आणि त्याने अण्णांसाठी काय केलं ते पहिल्या परिच्छेदात लिहिलं, म्हणजे मेनूबद्दलची तक्रार त्याच्या नावावर जायला नको. मग मागितलं ते असं: बुकिंग झालेल्यांना निघायच्या आठवडाभर आधी रोजचा मेनू आणि जेवण किती वेळाने समोर येतं हे पाठवा, टेबलावर मोठ्या अक्षरातलं निदान एक छापील कार्ड ठेवा, डायबिटीसवाल्यांना बसताक्षणी ब्रेड किंवा भात द्या, टॅबवर वेटरचा आणि मेनूचा प्रश्न वेगळा करा, आणि दहीभात रोजच्या यादीत परत घ्या.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. छापील कार्ड मागितल्यास मिळेल, आणि ग्रुप बुकिंगला मेनू आधी पाठवू. डायबिटीसवाल्यांसाठी बुकिंगच्या फॉर्मवर एक रकाना टाकलाय. टॅबबद्दल आणि दहीभाताबद्दल उत्तरात एक अक्षर नव्हतं. मी पुन्हा लिहिलंय, तेवढ्या दोन मुद्द्यांवर.

पुढच्या जानेवारीसाठी १९ जणांनी नावं दिलीयत, अण्णा-काकू त्यात आहेत. अण्णांनी डॉक्टरांना विचारून घेतलंय, आता इंजेक्शन केबिनमध्ये नाही, जेवण नक्की किती वाजता समोर येणार ते टेबलावर विचारून मगच. आणि काकूंनी एजंटला फोन करून विचारलं की सीलबंद मेतकुटाचं पाकीट बॅगेतून नेलेलं चालतं का. तो चालतं म्हणाला, तसं त्यांनी चार पाकिटं आणून ठेवलीयत, त्यातलं एक रत्नागिरीच्या पोरासाठी.